दोन चकत्यांमधलं अंतर

आमच्या लॅबमधल्या मामांना पट्टी लागत नसे. थाळीत जंतू वाढवायचे, त्यावर औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी कुठल्या चकतीभोवती जंतू मरून किती मोठं वर्तुळ मोकळं झालं ते मोजायचं, हे आमचं काम. मामा थाळी उजेडाकडे धरत आणि नुसत्या नजरेनं आकडा सांगत. नवीन आलेलं कुणीतरी हळूच पट्टी लावून बघायचंच. आकडा तोच निघायचा. "झालं समाधान?" मामा मिशीत हसत म्हणायचे. त्यांच्या खिशालाही स्टीलची पट्टी असे, पण ती पाठ खाजवायला.

मी त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांना काही सुचवायची माझी काय प्राज्ञा!

मग एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पायाची जखम तपासणीला आली. एकही औषध लागू पडत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, यातली दोन औषधं एकत्र दिली तर जंतू मरतात का? नाहीतर पाय कापावा लागेल. या तपासणीत दोन चकत्या जवळ, अगदी मोजून ठेवाव्या लागतात. लांब पडल्या तर औषधं एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत.

मामांनी चिमट्यानं दोन्ही चकत्या ठेवल्या त्या हाताच्या सवयीनं, रोजच्या अंतरावर. मला ते अंतर जास्त वाटलं. "मामा, मोजू या का?" हे अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि पुढच्या थाळीवर नंबर टाकायला घेतला.

दुसऱ्या दिवशी थाळीत काहीच मोकळं झालं नव्हतं. 'एकत्र देऊनही उपयोग नाही' असा रिपोर्ट गेला. मला मात्र चैन पडेना. राहिलेल्या जंतूंवर मी तीच तपासणी पुन्हा केली, मोजून, आणि तीही चोरून. सकाळी दोन चकत्यांच्या मधे काचेसारखी स्वच्छ जागा होती. मी वॉर्डात फोन केला. पाय आदल्या संध्याकाळीच कापला होता.

मी दोन्ही थाळ्या मामांपुढे ठेवल्या. "मला तेव्हाच शंका आली होती," मी म्हणाले. त्यांनी खिशातली पट्टी काढली आणि दोन्ही थाळ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

"चल," ते म्हणाले.

बाई उशीला टेकून बसल्या होत्या. मामा उभ्याउभ्याच बोलले. "तुमची तपासणी माझ्याकडून चुकली. नीट केली असती तर औषध सापडलं असतं. पाय कदाचित वाचला असता."

बाई चादरीच्या सपाट भागावरून हात फिरवत राहिल्या. "मशीन पायाचं आहे माझं," त्या म्हणाल्या. मग मामांकडे बघून, "मोजायला काही नव्हतं का तुमच्याकडे?"

"पट्टी होती. खिशातच होती."

"आणि चुकतंय म्हणून सांगणारं कुणी?"

"कुणी नव्हतं," मामा म्हणाले.

मी त्यांच्या मागेच उभी होते. तेव्हाही गप्पच राहिले.