होर्डिंगवरचा हात

देवमन सरांच्या तासाला उशिरा पोचणाऱ्या पोराला वाटायचं, वर्ग झोपलाय. नव्वद पोरं डोळे मिटून बसलेली, डोक्यावर पंखे फिरतायत, आणि फळ्यापाशी एक किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा माणूस स्वतःही डोळे मिटून हळू आवाजात बोलतोय.

“आता आपन पानाच्या खालच्या अंगानं आत शिरू. दार लहान हाये, वाकून या. दाराशी दोन रक्षक पेशी बसल्या हायेत. पानी पिऊन फुगल्या का दार उघडते. घाई करू नका, मागच्याले येऊ द्या.”

मग सगळी मंडळी पानात. तिथला हिरवा उजेड, ओली हवा, शिरांमधून वर चढणारं पाणी, सगळं सर दाखवत न्यायचे. मी वर्गाबाहेर टेबल टाकून बसायची. दार उघडं असलं की मीही हातातला फोन ठेवून थोडी आत जाऊन यायची. दहावीला विज्ञानाने मला रडवलं होतं. तरी त्या पानातून बाहेर यायला मला नको वाटायचं.

अकोल्यातला हा क्लास डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांचा. माझ्या टेबलावर ‘काउन्सेलर, रागिणी मॅडम’ अशी पाटी होती. काउन्सेलर म्हणजे सल्ला देणारी. मी मात्र बारा महिने एकच सल्ला द्यायची, की प्रवेश घ्या.

सर मूळचे अमरावतीकडचे, नांदगाव पेठेच्या वाटेवरच्या एका फूलमळेवाल्या घरातले. भाऊ अजून शेवंती, झेंडू, गुलाब लावतो. सर सोमवारी पहाटेच्या गाडीने अकोल्याला यायचे, शनिवारी परत जायचे. फुलाचा धडा असला की सोमवारी त्यांच्या हातात ओल्या फडक्याचं गाठोडं असायचं, त्यात नव्वद जास्वंदी. प्रत्येक पोराच्या तळहातावर एक. “कापाच्या आधी पाहून घ्या,” म्हणायचे. “एकदा कापलं का मंग ते फूल नाई राहत.” त्यांच्या शर्टाच्या खिशावर परागकणांचा पिवळा डाग कायमचा बसलेला होता.

त्यांची एक सवय मात्र आमच्या मालकांना फार सलायची. पोरानं काही विचारलं आणि येत नसलं, तर सर भर वर्गात सांगायचे, “मले नाई माहीत. उद्या पाहून सांगतो.” आणि उद्या पाहून सांगायचे. मालक म्हणजे गजेंद्र सर. ते एकेकाळी देवमन सरांचेच विद्यार्थी, आजही गुरुपौर्णिमेला वाकून नमस्कार करणारे. माणूस वाईट नाही, हे मी मीठ खाल्लंय म्हणून म्हणत नाही. पण आमच्या रस्त्यावर क्लासला क्लास लागून आहे. तिथे उभं राहायचं म्हणजे रोज शेजारच्यापेक्षा मोठ्यानं ओरडावं लागतं, आणि त्यांना ते जमलं होतं.

“सर, पालक ऐकतात हो,” ते काकुळतीने म्हणायचे. “शिक्षकालाच येत नाही म्हणतील.”

“माहीत नाई त नाई माहीत,” सर म्हणायचे. “हे पोट्टे उद्या डॉक्टर होनार ना? मंग त्यायले हे शब्द आलेच पायजेत.”

जूनमध्ये मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला आणि तेल्हाऱ्याकडची वर्षाली नावाची मुलगी वर आली. चांगलीच वर. निकालाच्या दिवशी आमच्या धंद्यात कशी पळापळ असते, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. शाल, श्रीफळ, हार, पेढे असं सगळं आदल्या दिवशीच गाडीत भरून ठेवलेलं असतं. नाव कळलं की गाडी सुटते. जो आधी मुलीच्या गळ्यात हार घालून फोटो काढील, त्याची ती मुलगी. वर्षालीनं मार्चमध्ये आमच्या सराव परीक्षेचे तीन पेपर दिले होते. तीन. तेवढ्यावर मी आणि फोटोवाला मनोज निघालो.

ती घरी नव्हती. तेल्हाऱ्यात जमुना मॅडमच्या पाया पडायला गेलीय, असं कळलं. पत्ता विचारत पोचलो तर पिठाच्या गिरणीमागची एक खोली. गिरणीची धडधड भिंतीतून आत येत होती, आणि खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर पिठाचा पातळ थर होता. चटयांवर, पुस्तकांवर, खिडकीच्या गजांवर. ऊन तिरपं येत होतं आणि त्यात पीठ तरंगत होतं. त्या उजेडात वर्षाली उभी होती, गळ्यात दुसऱ्याच क्लासचा हार. ते आमच्या आधी येऊन गेले होते. मनोजनं तो हार उतरवला आणि आपला घातला.

जमुना मॅडम असतील बत्तीस-तेहतीसच्या. शिकल्या अमरावतीला, लग्न होऊन तेल्हाऱ्यात आल्या आणि या खोलीत शिकवू लागल्या. फळ्यावर पीठ बसतं म्हणून दर तासाला ओल्या फडक्यानं फळा पुसतात, हे वर्षालीच मला हसत सांगत होती. दोन वर्षं मी इथंच बसले, एकोणीस पोरं आहेत, म्हणाली, आणि कोणी एक दिवस आलं नाही तर मॅडम घरी जातात. मॅडमना त्या दिवशी काय करू नि काय नको असं झालं होतं. हातात पेढ्यांची ताटली घेऊन त्या फोटोसाठी वर्षालीच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

मी म्हटलं, “मॅडम, जरा बाजूला होता का?”

“हो हो, होते ना बाप्पा. माह्या फोटोचं काय,” असं म्हणत त्या लगेच सरकल्या. हसतच सरकल्या. ताटली तेवढी पुढे धरलेली राहिली, कारण वर्षाली अजून एक पेढा उचलणार होती. मनोजनं फोटो काढला. आम्ही अंधार पडायच्या आत अकोल्यात होतो.

चौथ्या दिवशी होर्डिंग लागलं. एक आमच्या चौकात, एक तेल्हाऱ्याच्या यष्टी स्टँडवर. शाल पांघरलेली वर्षाली, वर क्लासचं नाव, खाली ठळक अक्षरांत ‘जीवशास्त्र मार्गदर्शक: देवमन सर’. आणि डाव्या कडेला, मनगटापर्यंतचा एक हात. हातात ताटली, मनगटावर दोन हिरव्या बांगड्या. मनोज तो कापायला विसरला होता. शेकडो माणसं त्याखालून रोज जायची, पण कोणाला तो हात दिसला नाही.

देवमन सरांना दिसला.

“हा हात कोनाचा?” त्यांनी आधी मनोजला विचारलं. तो म्हणाला, राहून गेला सर, पुढच्या वेळी कापतो. मग मला विचारलं. मी खांदे उडवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सर चौकातल्या टपरीवर चहाचा ग्लास धरून वर बघत उभे, चहा गार झालेला. आजूबाजूला रिक्षा वाजतायत, आणि हे त्या हातात शिरायची वाट शोधत असावेत तसे उभे.

गजेंद्र सरांनाही त्यांनी गाठलं. “हिले मी कवा शिकवलं, गजेंद्र?”

“सराव परीक्षा आपली होती ना, सर. सगळेच लावतात.”

“माह्या वर्गात बसलेली पोरगी मी विसरत नाई. हिचा चेहरा मले आठवत नाई.”

गजेंद्र सरांना तेवढ्यात फोन आला. त्यांना अशा वेळी फोन बरोबर येतो.

त्याच आठवड्यात तेल्हाऱ्याकडचे पालक यायला लागले. माझ्यासमोर पहिल्यांदा बसले ते उत्तमराव, काळ्या जमिनीचे, कपाशीचे शेतकरी, सोबत दहावी झालेली करिश्मा. “जमुना मॅडमकडून काढलं पोरीले,” ते म्हणाले. “बाई चांगली हाये, पन वर्षाली तिच्याइथं नावालेच जाय, एवढी झाली ते तुमच्याइथं शिकून म्हनतात. स्टँडवर फोटो लागला हाये.” करिश्मानं मांडीवर एक वही धरली होती, आणि वहीच्या शिवणीत पांढरं पीठ अडकलेलं होतं.

खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी फॉर्म पुढे केला आणि सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखवलं.

शनिवारपर्यंत एकोणिसातले अकरा माझ्या टेबलावरून गेले. उरलेले आठ किती दिवस राहतील, हे सांगायला काउन्सेलर लागत नाही. पिठात तरंगणारी ती खोली रिकामी होणार होती, आणि ती रिकामी करायला मी स्वतः गाडीतून पेढे घेऊन गेले होते.

दुपारी सर डबा खायला बसले तेव्हा मी समोर जाऊन बसले. “तो हात जमुना मॅडमचा आहे,” म्हटलं, आणि सगळं सांगितलं. अकरा पोरांचंही.

सर रागावले नाहीत. त्यांनी डबा बाजूला सारला आणि डोळे मिटले. “मले ती खोली सांग,” म्हणाले. दार कोणीकडे? गिरणी उजवीकडे का डावीकडे? खिडकीला गज किती? वास कशाचा? मी सांगत गेले आणि माझं मलाच नवल वाटलं, सगळं लक्षात होतं. ज्वारीच्या गरम पिठाचा वाससुद्धा.

“अन् ती बाई कुठं उभी होती?”

“वर्षालीच्या शेजारी.”

“मंग?”

“मग बाजूला.”

“आपोआप?”

मी डबा त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी पुन्हा विचारलं नाही. डबा उघडला आणि जेवायला लागले.

रविवारी नव्या बॅचचा पहिला दिवस होता, म्हणून सर त्या शनिवारी गावी गेले नव्हते. सभागृहात चारशे माणसं, निम्मी पोरं, निम्मे आईबाप. उत्तमराव आणि करिश्मा तिसऱ्या रांगेत. गजेंद्र सरांनी मोठ्या उमेदीनं माइकवर सांगितलं, “आणि आता बोलतील वर्षालीला घडवणारे आपले देवमन सर!” टाळ्या पडल्या.

सर उभे राहिले. टाळ्या थांबेपर्यंत थांबले.

“डोये मिटा,” म्हणाले. “मायबापायनं बी मिटा.”

लोक हसले, आणि मग एकेक करत सगळ्यांनी मिटले. मीही मिटले. सवयच होती.

“आपन यष्टीत बसलो हाओत. अकोट मागं पडलं. उजव्या हाताले सातपुडा निळा दिसून राहिला. दोन्हीकडं काळी जमीन हाये, नांगरून मोकळी ठेवलेली. तेल्हारा आलं. उतरा. पुढं गिरणीचा आवाज येते, त्या आवाजाच्या मागं मागं या. खोलीत शिरा. पीठ अंगावर बसन, झटकू नका.”

मी चालत होते. पायाखाली चटई लागत होती, फळ्यावर ओल्या फडक्याचे पट्टे वाळत होते. चारशे माणसं त्या एवढ्याशा खोलीत मावली कशी, कोण जाणे. पण मावली होती, आणि सगळी चूप होती.

“पोरं बसली हायेत. त्या चौथ्या पोरीकडं पाहा. ते वर्षाली हाये. दोन वर्सं ते इथंच बसली, याच बाईसमोर. मी तिले शिकवलं नाई. एक दिवसबी नाई.”

कुठेतरी खुर्ची सरकली. गजेंद्र सर असावेत. मी डोळे उघडले नाहीत.

“आता फोटोवाले आले. बाई ताटली घेऊन आपल्या पोरीच्या बाजूले उभी राह्यली. तिले कोनीतरी म्हनलं, जरा बाजूले व्हा. ते झाली. हात तेवढा फोटोत राह्यला. तुमी सगळ्यायनं तो चौकात पाह्यला हाये. आता डोये उघडा. मी बी वाईट शिकवत नाई. माह्यासाठी याचं त या. पन त्या पोरीसाठी येऊ नका.”

माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं. लाजेचं होतं, दुसरं कशाचंही नाही. गजेंद्र सरांनी माइक घेतला आणि सराव परीक्षेविषयी बरंच काही सांगितलं. देवमन सर तोवर जिना उतरून गेले होते.

सोमवारी ते आले नाहीत. त्यांना काढलं की ते स्वतः गेले, हे कोणी नीट सांगत नाही. ऐकते ते असं, की आता भावाच्या मळ्यात सकाळी आसपासची पोरं जमतात आणि झेंडूच्या वाफ्यांमध्ये डोळे मिटून बसतात. आमच्या चौकातलं होर्डिंग तसंच राहिलं. फक्त त्या हातावर क्लासचा फोन नंबर चिकटवला.

पण त्या रविवारची एक गोष्ट सांगायची राहिली. सभागृह रिकामं होत होतं तेव्हा उत्तमराव माझ्या टेबलाशी आले, मागे करिश्मा.

“ताई, तो फारम वापस द्या.”

मी गठ्ठ्यातून शोधून काढला आणि दिला. त्यांनी तो लगेच घेतला नाही.

“तुमी गेल्ता म्हने तिथं, फोटोच्या दिवशी.”

“हो.”

“मंग मॅडमले बाजूले व्हा कोनं म्हनलं?”

करिश्मा माझ्याकडे बघत होती. मनोजचं नाव जिभेवर आलं होतं. तो समोर नव्हता, आणि त्यानं मनावरही घेतलं नसतं.

“मी,” म्हटलं.

उत्तमरावांनी फॉर्म घेतला, त्याची बारीक घडी केली आणि खिशात ठेवला.

“मंग एकडाव मॅडमकडं जाऊन या,” ते म्हणाले. “सकाळी सातची यष्टी हाये.”