सासऱ्यांची वही
कुंभकोणमच्या औषधांच्या दुकानात सौम्याला मोठा मान. डॉक्टरांचं कसलंही गिचमिड अक्षर ती एका नजरेत लावते. घरी मात्र तिच्या वाचनाची वेगळीच गंमत. ती रोज मराठी वाचायची, आणि मराठीचं तिला ओ की ठो कळत नव्हतं!

ती तमिळ घरातली. लहानपणी आईनं हट्टानं हिंदीच्या परीक्षांना बसवलं; भाषा विसरली, देवनागरी अक्षरं तेवढी पक्की राहिली. लग्न होऊन आली ती तंजावरी मराठी घरात. तिथे सगळे मराठी बोलणारे, पण वाचणारे एकटे सासरे चंद्रमौली. नवरा विश्वेश तमिळ-इंग्रजीत शिकलेला, आणि सासू अंबाबाईंनी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं. सासरे वारले, मागे राहिल्या त्यांच्या रोजनिशीच्या वह्या.

अंबाबाईंना नवऱ्याचे शब्द ऐकायचे होते. म्हणून सौम्या संध्याकाळी वाचायला बसायची, एका सुरात, वाक्य कुठं संपतं याचा पत्ता नसल्यासारखी. अंबाबाई ऐकून हसायच्या, डोळे पुसायच्या. मग सौम्या सासूला तमिळमध्ये विचारायची, "अत्तै, मी काय वाचलं?" दोघी मिळून एक वाचक! मला तर या जोडीचा हेवाच वाटतो.

अंबाबाईंना धास्ती होती ती सौम्याच्या लग्नाच्या वर्षाच्या वहीची. सासऱ्यांना ही सून पसंत नव्हती. ते तिच्याशी कधी धड बोललेच नाहीत. तिला कुठं कळतंय, अशी अंबाबाई मनाची समजूत घालत.

वाचन सुरू झाल्यावर दोन वर्षांनी ती वही निघाली. सौम्या वाचू लागली, "आज विश्वेशने परकी मुलगी घरात आणली. ही आपली कधी..."

ती थांबली. मग अगदी हळू वाचलं, "होणार नाही."

न समजता वाचणारा अशा जागी थांबत नाही. ऐकून ऐकून मराठी तिच्या कानात कधी शिरली, तिचं तिलाही ठाऊक नसावं. अंबाबाईंना फार वाईट वाटलं.

"तुज कळलं गे," त्या म्हणाल्या. तिच्याशी पहिल्यांदाच मराठीत.

"कळलं, अत्तै." तीही मराठीतच बोलली.

"पेन घे. त्याच्या खालीं लिही: हें तुमचं चुकलं. ही माझी लेक. आणि माझं नांव घाल, अंबा."

जन्मात त्यांनी नवऱ्याला उलट उत्तर दिलं नव्हतं. सौम्यानं एकेक अक्षर नीट काढलं.

"आतां वाचून दाखव."

सौम्यानं वही वर धरली. "हें तुमचं चुकलं" इथपर्यंत ठीक गेलं. पुढची ओळ काही केल्या तिला वाचता येईना.