नागलीचे सुरुंग

मी सहा महिन्यांच्या बोलीवर लागले होते. लष्कराच्या कॅम्पात नकाशे काढायचे आणि वाळूची मॉडेलं बनवायची, हे माझं काम. सत्तरच्या दशकाचे शेवटचे दिवस. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीतून सरकारी नोकरीत गेलेली मी पहिली मुलगी, त्यामुळे विहारात, नळावर, जिथे भेटेल तिथे लोक एकच विचारायचे, "झालीस का गं कायम?" अहो, होईन की! जरा दम धरा! पण त्यासाठी माझे वरिष्ठ मेजरसाहेब, त्यांचा शेरा हवा होता, आणि त्यांना स्वतःच्या पुस्तकापुढे दुसरं काही दिसत नव्हतं.

पुस्तक म्हणजे मोठा हल्ला कसा करायचा त्याचे नियम, ते साहेब नव्याने लिहीत होते. जुनं पुस्तक इंग्रजांच्या वेळचं: सगळ्या आघाडीवर थोडं थोडं ढकलत जा. मेजरसाहेब म्हणायचे, छे! एकाच अरुंद जागी सगळा जोर लावा. आधी तोफांचा मारा, तो घड्याळाच्या काट्यावर टप्प्याटप्प्याने पुढे सरकणार, त्याच्या मागोमाग पायदळ, आणि फट पडली की रणगाडे. हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की संध्याकाळी बसमध्ये चढताना मीसुद्धा एकाच जागी जोर लावायला लागले. कंडक्टर म्हणाला, "बाई, लढाईला निघालात का?"

जनरलसाहेब येऊन हे पुस्तक पास करणार होते. त्यांना दाखवायला हॉलभर वाळूचं मॉडेल करायचं होतं. नदी निळ्या रांगोळीची केली, झाडं काथ्याची. शत्रूच्या सुरुंगांना काय वापरावं ते सुचेना. बागेत रोजंदारीवर एक मामा होते, सुरगाण्याचे. तिकडे भात काढून झालं की दरवर्षी कामाला यायचे. त्यांनी आपल्या गाठोड्यातली मूठभर नागली, म्हणजे आपली नाचणी, दिली. बारीक, लालसर, एकसारखी. झकास सुरुंग झाले!

जनरलसाहेबांचं येणं पाच दिवस पुढे गेलं. वाळू ढासळू नये म्हणून मी वर गोणपाट पसरलं आणि ते न उचलता रोज दोनदा त्यावरूनच पाणी शिंपडायची. घरी मटकीला मोड आणते, अगदी तसंच. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही, म्हणजे कमालच म्हणायची.

जनरलसाहेब आले. मी आणि मामांनी दोन टोकांना धरून गोणपाट उचललं. सुरुंगांचा सगळा पट्टा हिरवागार!

"ये क्या उगाया है?" जनरलसाहेबांनी विचारलं.

मेजरसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी नोकरी मला दारातून बाहेर जाताना दिसली.  मामाच बोलले, "नागली हाय, साहेब." मग वाकून, कौतुकाने, "बरी आली."

जनरलसाहेब खो खो हसले. हसून झाल्यावर त्यांनी मेजरसाहेबांना विचारलं, की हल्ल्याच्या दिवसांत तिथल्या शेतांत खरंच काय उभं असेल? मेजरसाहेबांनी पुस्तक चाळलं. पुस्तकात शेत नव्हतंच.

मॉडेल करताना माझ्याकडून सगळा हल्ला ऐकलेल्या मामांना राहवेना. "कालव्याचं पाणी सोडलं असंल तर माणूस गुडघाभर रुतल. तवा या तोफा थांबतील का त्याच्यासाठी?"

मी घाबरत घाबरत त्याचं हिंदी केलं. मेजरसाहेब म्हणाले, तोफा घड्याळावर चालतात.

"म्हंजे तोफा फुडं आन माणसं चिखलात?" मामा म्हणाले. "आमचेकडं भात लावताना फुडचा मागच्यासाठी थांबतो. नाय तर ओळ मोडती."

हेही मी हिंदीत सांगितलं. कुणी हसलं नाही. जनरलसाहेब हळू आवाजात म्हणाले, मारा पुढे सरकला की शत्रू खंदकातून डोकं वर काढतो, आणि मागे अडकलेली माणसं त्याला आयती सापडतात. "मैंने देखा है," ते म्हणाले.

मग जे भांडण जुंपलं ते चहाच्या तीन फेऱ्या चाललं. पुस्तक पास झालं, पण एक नियम बदलून: तोफांचा मारा घड्याळावर नाही, पुढे गेलेल्या तुकडीचा निरोप आल्यावरच सरकवायचा. मेजरसाहेब इतके खूश, की माझ्या नावापुढे 'कायम करावे' असा शेरा मारून मोकळे झाले.

हुकूम हातात पडला त्या दिवशी मामा गावाला निघाले होते. मी धावत फाटकापाशी गेले, पेढा दिला आणि नवा नियम त्यांना मराठीत सांगितला. म्हटलं, "मामा, हे तुमचं आहे. आता मोठमोठे साहेब हे शिकणार."

मला वाटलं, खूश होतील. त्यांनी तोंडाकडे नेलेला पेढा खाली घेतला.

"हे त्यांना ठावं नव्हतं?" त्यांनी विचारलं. "मंग आधीच्या लढायांत मागं राहिल्याली पोरं कुठं गेली, बाई?"

मला तिथेच रडू फुटलं.