उजवा खालचा कोपरा

दाराची बेल काल काढून खोक्यात गेली होती. त्यामुळे त्या सकाळी दार वाजलं, तेव्हा कांचनला वाटलं, शेजारी कुणी खिळा ठोकतंय. गॅसवर चहा होता. नरहर जुन्या वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होते. तिने आधीच गुंडाळलेल्या उघडून परत, नीट घडी पाडून. एरवी ती काहीतरी बोलली असती. हल्ली तिला कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. लग्न होऊन ती नागपूरहून थेट भोपाळला, कारखान्याच्या याच क्वार्टरमध्ये आली होती. आता नरहर निवृत्त झाले, वर मिळालेली मुदतही संपली, रविवारी ट्रक येणार आणि शहराच्या टोकाला मिसरोदच्या फ्लॅटवर जायचं. टाउनशिपमधल्या बायका विचारायच्या, "जड जातंय ना?" ती म्हणायची, "कपाट जड जाईल, बाकी हलकंच आहे."

दार पुन्हा वाजलं. उघडलं तर एक अनोळखी बाई, हातात मोबाइल, कपाळावर घाम.

"नऊवारी शिवणाऱ्या कांचनताई इथेच ना? मी सुलभा पाठक, अरेरा कॉलोनीतून आले. सापडलात बाई एकदाच्या."

कांचन शिवलेली नऊवारी करायची, परकरासारखी चढवली की झालं. भोपाळात वाढलेल्या मराठी मुलींना नेसता येत नाही आणि लग्नात तर हवी असते. आजवर या तोंडून त्या तोंडी ऐकून बायका क्वार्टर शोधत यायच्या. मिसरोदला कोण येणार? तिथे तिला कुणी ओळखत नाही. हात थांबला तर दिवस कसा घालवायचा, हे तिने मनात आणलंच नव्हतं. गिऱ्हाइकांना ती तिथेही सापडावी म्हणून नरहरनी वेबसाइट केली होती. पुस्तकं आणून, सहा महिने संगणकासमोर बसून, एकट्याने. फ्लॅटचा पत्ताही आधीच टाकून ठेवला होता.

"फोन करून यायचं ना," कांचन म्हणाली.

"नंबर मिळेल तर करीन. तुमची वेबसाइट उघडली, साड्या दिसतात, काठ दिसतात. नंबर काही दिसेना, पत्ताही नाही. टाउनशिपमध्ये राहता एवढं ऐकलं होतं. शेवटी त्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, वो नौवारीवाली आंटी? पीछेवाली लाइन, आखिरी क्वार्टर. लेकिन जल्दी जाइए, वो लोग जा रहे हैं."

नरहर कपबशी ठेवून उठले. "नंबर आहे. उजव्या कोपऱ्यात, खाली."

"दाखवा बरं," सुलभाबाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, भरल्या ताटासारखा. त्यांचा स्वतःचा फोन बटणांचा. फोन हा बोलायला असतो असं त्यांचं मत होतं. पान डावीकडे सरकलं, मग वर पळालं. अंगठा एका साडीला लागला आणि साडीच सगळ्या पडद्यावर आली. पुन्हा पहिल्यापासून. अखेर खालच्या टोकाला नंबराची चौकट सापडली, अक्षरं मोहरीएवढी. मोठी करायला जावं तर चौकट पडद्याबाहेर. सुलभाबाई मान वाकडी करून बघत राहिल्या.

"माझ्या दोघी मैत्रिणींनी पण उघडली होती हो," त्या म्हणाल्या. "कंटाळल्या. इंदूरहून मागवल्या शेवटी."

नरहरनी फोन परत दिला. कांचनने टेप काढला, मापं घेतली, चहा दिला. बाई मुलीच्या लग्नात आपल्याला लागणारी साडी सांगून, नंबर स्वतः लिहून घेऊन गेल्या.

ती चौकट कांचनला पाठ होती. नरहर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात लागले ते ट्रेसिंगला आणि निवृत्त झाले ते ड्रॉइंग तपासणारे चेकर म्हणून. ड्रॉइंग केवढंही असो, महत्त्वाचं सगळं उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीत. काढले कुणी, तपासले कुणी, मंजूर कुणी. ज्याने काढलं त्याने तपासायचं नाही, आणि तपासल्याशिवाय कागद खाली शॉपमध्ये, यंत्रांवर जायचा नाही. लाल पेन्सिल घेऊन त्यांनी उभी हयात दुसऱ्यांच्या चुका काढल्या. घरी पेन्सिल नव्हती, पण भाजीच्या फोडी आणि तिच्या शिवणाची टीप त्याच नजरेखालून जायची. त्यांच्या कामात चूक काढायची मात्र या घरात पद्धतच नव्हती. तिने एकदा स्वतःच्या फोनवर ती वेबसाइट उघडली होती. अक्षरं बारीक दिसली, तेव्हा तिला वाटलं आपला फोनच साधा, नाहीतर चष्म्याचा नंबर वाढला. बंद करून ती कणीक मळायला गेली.

आता त्यांच्यावर चिडावं असं तिने ठरवून पाहिलं. राग आला नाही. तिने चहाचे कप विसळले.

दुपारी पुण्याहून अलकाचा, मुलीचा फोन आला. सकाळचा प्रकार कळल्यावर तिने वेबसाइट स्वतःच्या फोनवर उघडून पाहिली होती. नरहरनी तो स्पीकरवर ठेवला.

"बाबा, तुम्ही पानाची रुंदी फिक्स केलीय. कागदासारखी."

"मग? रुंदी ठरवल्याशिवाय काढायचं कशावर?"

"आता रुंदी समोरच्याचा फोन ठरवणार. फोटोंनी तेवढ्यात बसायचं. सगळं एकाखाली एक घ्या, आणि नंबर एकदम वर. बोट लावलं की फोन लागला पाहिजे."

"एकाखाली एक. म्हणजे डब्यासारखं."

"हो, जेवणाचा डबा. वरच्या पुडात नंबर."

"आणि चौकट?"

"चौकट कुणी बघत नाही, बाबा."

त्यांनी गुंडाळायला घेतलेली बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "बरं."

घर खोक्यांत गेलं, संगणक तेवढा जमिनीवर राहिला. नरहर पाटावर बसून काम करत होते. मध्येच उठून खिडकीशी जायचे, परत यायचे. कांचन त्यांच्या बाजूला चहा ठेवायची, गार झालेला उचलायची. दोघांत बोलणं झालं ते दोरी कुठे आहे एवढंच.

शनिवारी दुपारी ती भिंतीवरचे खिळे उपटत होती. नरहरनी हाक मारली. पडद्यावर नंबर आता सगळ्यात वर होता, भला मोठा. खाली एकेक साडी. अगदी तळाला त्यांनी चौकट ठेवलीच होती, लहानशी. काढले, पुढे त्यांचं नाव. तपासले, पुढे काही नाही. इतके दिवस तो रकाना तसाच रिकामा होता. असला कागद त्यांनी ऑफिसातून कधी बाहेर जाऊ दिला नसता.

कपबशांचं खोकं सरकवून त्यांनी तिला बसायला जागा केली.

"आत्ता? खिळे राहिलेत," ती म्हणाली.

"राहू देत." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "हे तुझ्या फोनवर उघड. कुठे अडतंय ते मला सांग."