एकच सांगाडा, तीन गिऱ्हाइकं

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. जुन्या फ्लॉप्यांसारखे ते खणात आपोआप साठत जातात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अंधेरीतल्या आमच्या गाळ्यात कॉम्प्युटर एक आणि माणसं चार! त्यातल्या कांबळेचं तुणतुणं एकच, "यार, दर गिऱ्हाइकासाठी पहिल्यापासून प्रोग्रॅम का लिहायचा? सगळ्यांत सारखं काय ते शोधू, सांगाडा एकदाच बांधू."

साहेब म्हणाले, "हा आळस आहे. तीन गिऱ्हाइकांकडे चालवून दाखव, नाहीतर दुसरी नोकरी बघ." घरात कमावणारा कांबळे एकटा. मला साहेबांचा भयंकर राग आला होता.

*

सांगाडा निघाला घाटकोपरच्या एका वाचनालयाला आधी करून दिलेल्या प्रोग्रॅममधून. पहिलं गिऱ्हाईक मुलुंडचं नर्सिंग होम. कांबळेने 'पुस्तक' काढून 'पेशंट' घातलं आणि डेमोत डॉक्टरांना ऐटीत वाचून दाखवलं, "पेशंटची अवस्था: नवा, जुना, पानं फाटलेला..."

वाट लागली! पण डॉक्टर म्हणाले, "तिसऱ्या प्रकारचे माझ्याकडे बरेच येतात!"

ऑर्डर पक्की.

*

दुसरं, बोरिवलीचं वधुवर सूचक मंडळ. वाचनालयात एका सभासदाला दोन पुस्तकं मिळायची, तो नियम बदलायचा राहिला. चालक बाई कडाडल्या, "एकाला एका वेळी दोन स्थळं?"

"फक्त बघायला, बाई!" कांबळे म्हणाला.

बाईंनी जरा विचार केला. "मग तीन करा. दोन तर फोटो बघूनच नाकारतात."

*

कांबळेला हुरूप आला. जेवताना टायपिस्ट सावंतबाईंना म्हणाला, "बाई, सोमवारची उसळ, बुधवारची आमटी, फोडणी तीच ना?"

"तीच. पण रोज ताजी करते रे! एकदाच करून ठेवली तर खाशील?"

कांबळेने डबा आवरता घेतला. साहेब मात्र खूश!

*

तिसरं गिऱ्हाईक नाहूरचा वृद्धाश्रम. साहेब जातीने हजर. "एक रकाना जरी काढावा लागला, तरी तू हरलास."

नमुन्याला मालवणकडच्या एका आजींना बसवलं. कांबळे सांगाड्यातले रकाने वाचत माहिती भरू लागला. नाव. वय. गाव. कोणी आणलं?

"माझ्या झिलान." कांबळेने 'मुलगा' असं भरलं.

आणल्याची तारीख? ती आजींना पाठ होती.

"परत नेण्याची तारीख?"

व्यवस्थापक हळूच म्हणाले, "तो रकाना काढून टाका. इथे लागत नाही."

साहेबांनी कांबळेकडे पाहिलं. कांबळेने कुणाकडेच पाहिलं नाही. "काढतो," म्हणाला आणि बोट बटणाकडे नेलं.

आजींनी त्याचा हात धरला.

"रवांदे रे झिला. कोरो रवांदे, पण काढू नको."