नववी प्रत

गल्लीतल्या फोटोवाल्याला सगळे मागून 'हलूनका' म्हणत. एकतीस वर्षं निळ्या पडद्यासमोर माणसं बसवून "हलू नका" म्हणता म्हणता तो स्वतःच कुठे हलला नव्हता. गाडी चालवायचा, पण घर ते बाजार. अशा गृहस्थाने अठ्ठावन्नाव्या वर्षी भाड्याची जीप घेऊन वाळवंटात जायचं ठरवलं. एकट्याने, तीन दिवस, तंबू ठोकून. का, तर आयुष्यात एक तरी फोटो असा काढायचा, ज्यात कुणाचा चेहरा नसेल.

ठरवलं खरं, आणि त्याच दिवसापासून त्याची पाचावर धारण बसली.

गॅरेजवाल्याने समजावलं, "काका, वाळूत रुतलात तर चाक फिरवत बसू नका, आणखी खोल जाल. खाली उतरायचं, टायरमधली हवा कमी करायची, फावड्याने वाळू काढायची."

याच्या कानात राहिलं ते एवढंच, खोल जाल.

त्याने यादी केली. पाणी चाळीस लिटर, फावडं, दोन जादा टायर, हवा भरायचा पंप, कागदी नकाशा, कारण तिथे फोन लागत नाही. यादी रोज वाढायची आणि भूक रोज कमी व्हायची. बायको म्हणायची, "अहो, एवढी भीती वाटते तर जाता कशाला?" तो म्हणायचा, "भीती कसली? तयारी करतोय." त्या बाईने तीस वर्षं संसार केला होता. ती काय समजायचं ते समजली.

निघायला दोन दिवस उरले, तेव्हा ती पाण्याचे कॅन धुवायला दुकानात आली आणि फडकं शोधायला तिने खालचा खण उघडला.

त्या खणाची एक रीत होती. गिऱ्हाईकाला आठ प्रती द्यायच्या, नववी काढून खणात ठेवायची. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एक बाई नवऱ्याचा फोटो मोठा करून मागायला आली होती. नवरा आठवड्यापूर्वीच गेला होता आणि याच्याकडे एकही प्रत उरली नव्हती. ती बाई रिकाम्या हाताने परत गेली, ते त्याला कधी विसरता आलं नाही. तेव्हापासून नववी प्रत.

सगळ्यात वर नवं पाकीट होतं. त्यावर लिहिलेलं, 'घरी द्यावा.' आत नवऱ्याचाच फोटो, भिंतीवर लावायच्या मापाचा. एक नाही, सात. कॅमेऱ्याला टायमर लावून स्वतःच स्वतःचे काढलेले. एकात डोळे मिटलेले, एकात मान वाकडी, आणि सातही फोटोंत तोंडावर भीती अशी, की बघवेना.

तो दारातून आत आला आणि जागच्या जागी थिजला.

"हे माझ्यासाठी?" तिने विचारलं.

"तू रिकाम्या हाताने नको परत जायला," तो म्हणाला. "धड एकही येत नाही गं. सात वेळा बसलो."

तिने सातही फोटो टराटरा फाडले. मग पदर सारखा करून निळ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसली.

"माझा काढा. मीपण येतेय."

"वेडी आहेस का? तिथे काही झालं तर..." आपल्याला मूलबाळ नाही, हे त्याला आज नव्यानेच कळल्यासारखं झालं. "दोघंही गेलो तर पाकीट न्यायला येणार कोण?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "म्हणून परत यायचं."

त्याने कॅमेऱ्याला डोळा लावला. तीही घाबरली होती, हनुवटी थरथरत होती. "हलू नका" म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. त्याने फोटो काढलाच नाही. खिशातून यादी काढली, पाण्यापुढचं चाळीस खोडलं आणि ऐंशी लिहिलं.