पोकीच्या पैशांची व्हॅन

कोवाई गावात हिनेरंगीला नावानं हाक मारणारं माणूस विरळाच. लहानथोर सगळे तिला आंटी म्हणत. सकाळी आणि दुपारी ती शाळेची बस चालवायची आणि उरलेला सगळा जीव मुलींच्या नेटबॉल संघावर ओवाळून टाकायची. अंगानं भक्कम होती आणि आवाज तर असा की मैदानातून हाक मारली तर खाडीतला होडीवाला वळून बघायचा. तिला मूलबाळ नव्हतं. कुणी त्यावर हळहळलं की म्हणायची, "मला मूल नाही म्हणता? शनिवारी या, माझ्या सगळ्या पोरींना घेऊन जा, संध्याकाळी जेवायला घालून, भांडणं सोडवून परत आणा. मग बोलू."

न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे गाव लाकडाच्या गिरणीवर जगायचं. गिरणी बंद पडली, तरणीताठी माणसं शहराकडे गेली, बँकेनं शाखा हलवली. राहिला तो पब, आणि पबच्या मागच्या खोलीतल्या पोकी. पोकी म्हणजे जुगाराची मशिनं. नोट सरकवायची, बटण दाबायचं, चित्रं फिरतात, थांबतात, पुन्हा बटण दाबायचं. लोक तिथं जे हरत त्यातलं काही सरकार कर म्हणून नेई, काही पबवाल्याकडे राही, आणि एक वाटा एका ट्रस्टमार्फत गावोगावच्या मंडळांना देणगी म्हणून परत मिळे. कायदाच तसा होता. हिनेरंगी वर्षानुवर्षं त्या ट्रस्टकडे हात पसरत आली होती. चेंडू मिळाले, जर्सी मिळाल्या, मैदानावर दिवे लागले. आणि एका हिवाळ्यात चक्क नवी कोरी पांढरी व्हॅन मिळाली. तिच्या दोन्ही अंगांना ट्रस्टचं नाव निळ्या अक्षरांत, हे एवढं मोठं.

व्हॅन आली त्या दिवशी गावच्या म्हाताऱ्यानं तिच्यावर पाणी शिंपडून प्रार्थना म्हटली. पोरी आत चढून उड्या मारत होत्या. तेवढ्यात कुइनी आली. कुइनी म्हणजे हिनेरंगीच्या भावाची, तामातीची बायको. तामातीला जाऊन दोन वर्षं होत आली होती. कुइनीनं व्हॅनभोवती एक फेरी मारली, दारावर थाप दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे दार माझं हां. आणि पुढची दोन चाकंसुद्धा माझीच असणार!"

लोक खो खो हसले. कुइनी रोज दुपारी पोकीवर बसते हे कुणापासून लपलेलं नव्हतं. हिनेरंगीही हसली. हसता हसता तिची नजर आनाहेरावर गेली. कुइनीची ही नात तिच्याजवळच राहायची, संघात तिच्याइतकी उंच उडी कुणाचीच नव्हती. ती हसत नव्हती. तिच्या बुटाचा तळ चिकटपट्टी गुंडाळून बांधलेला होता.

दुसऱ्याच दिवशी हिनेरंगीनं पोरीला बूट आणून दिले, पण त्यानं मन काही शांत झालं नाही. बस लावून ती थेट पबच्या मागच्या खोलीत गेली.

पडदे ओढलेले, हीटर लावलेला, खोली छान उबदार. कोपऱ्यातल्या मशिनपाशी कुइनी बसली होती. पबचा मॅनेजर ग्लेन तिच्यापुढे चहा ठेवत होता. "दोन चमचे साखर, कुइनी. आणि आज गुडघा कसा आहे?"

हिनेरंगी शेजारच्या स्टुलावर बसली.

"जिंकतेस का गं वहिनी कधी?"

"जिंकते की. मग तेही यातच घालते."

"मग कशाला हा खटाटोप?"

कुइनीनं बटणावरचा हात काढला नाही. "तू माझं घर ऐकलंयस का, हिने? तुझा भाऊ गेल्यापासून? फ्रिज बंद पडला तरी दचकायला होतं, इतकं सामसूम. इथं निदान कुणीतरी गुडघा विचारतं."

"सरकारनं जुगार सोडवायला ती समजावणारी बाई पाठवली आहे ना, दर गुरुवारी? या मशिनांच्याच पैशातून येते ती."

"येते. आणि बसते कुठं? दवाखान्याच्या पुढच्या खोलीत, दुकानासमोर. मी आत पाऊल टाकलं की संध्याकाळी घरोघरी माझंच कालवण!" असं म्हणून ती हसली, आणि हिनेरंगीकडे न बघता पुढं म्हणाली, "बूट तू आणलेस ते कळलं मला. यापुढं आणू नकोस. आजी अजून जिवंत आहे तिची."

चहा हिनेरंगीलाही मिळाला. तो चांगला होता, हेच तिला जास्त लागलं.

त्या पावसाळी हिवाळ्यात पबचं छप्पर मोडकळीला आलं. मालकानं रस्त्यापलीकडे नवी जागा घेतली. पण मशिनं नव्या जागेत न्यायची तर नगरपरिषदेची परवानगी लागणार होती. जुनी जागा बंद झाली की तिथली मशिनंही बंद, असा परिषदेचा नियम होता. सुनावणीच्या आधी ट्रस्टच्या माणसाचा हिनेरंगीला फोन आला. अगदी गोड बोलला. "आंटी, तुम्ही फक्त मुलींबद्दल सांगा. व्हॅनबद्दल सांगा. मशिनं गेली तर हे सगळं जाईल, एवढंच."

"येते," ती म्हणाली. ज्याचं खाल्लं त्याच्याशी बेइमानी करणं तिच्या रक्तात नव्हतं.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. ट्रस्टच्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवली: हसणाऱ्या पोरी, दिव्यांनी उजळलेलं मैदान. त्यानंतर कुणाचीही अपेक्षा नसताना कुइनी उठली. तिनं केस नीट विंचरले होते, चर्चला जातानाचा कोट घातला होता.

"मशिनं ठेवा," ती म्हणाली. "लोक म्हणतात मी वेडी आहे. असेन. पण दुपारी मी जायचं कुठं? वाचनालय तुम्ही बंद केलंत. गिरणीवाल्यांचा हॉल विकलात. ती एक खोली राहिली आहे, तीही काढताय. मग मी काय भिंतींशी बोलू?"

एवढं बोलून ती खाली बसली, कोटाची बटणं चाचपत. आता हिनेरंगीची पाळी होती. तिनं मनाशी घोकलेलं सगळं भाषण पुसलं गेलं.

"मी मशिनं ठेवा म्हणायलाच आले होते," ती चाचरत म्हणाली. "पण आता... गावात उबदार खोली एकच, आणि तिथं बसायचं तर नोट सरकवत राहायचं. ही माझ्या भावाची बायको आहे. मी तिच्याकडून व्हॅन घेतली आणि तिच्या दारी कधी बसायला गेले नाही. मला ठेवा म्हणवत नाही."

एका सदस्यानं सरळच विचारलं, "मग व्हॅनचं पेट्रोल कोण भरणार?"

"ते मला माहीत नाही," हिनेरंगी म्हणाली आणि बसली.

परवानगी नाकारली गेली. म्हणून गावात आनंदीआनंद झाला असं मात्र नाही. पबमधल्या दोघींची नोकरी गेली. ग्लेन हिनेरंगीला बघून रस्ता ओलांडू लागला. देणगी आटली, धाकट्या मुलींचा संघ मोडला, त्यांच्या आया तोंडावर बोलल्या, "तुला कुणी सांगितलं होतं चांगुलपणाचा झेंडा मिरवायला?" मोठ्या मुलींसाठी रताळी आणि मटण गावच्या रीतीप्रमाणे तापल्या दगडांवर जमिनीत पुरून शिजवायचं, पुडे बांधून विकायचे आणि टाकी भरायची, असं सुरू झालं. कधी भरायची, कधी अर्धीच. आणि कुइनी? ती शहराकडे जाणारी सकाळची बस धरून तिकडे जाऊ लागली. तिथं पोकी हव्या तेवढ्या. नणंदेशी बोलणं तिनं टाकलं.

हिनेरंगीनं मैदानामागची क्लबची खोली उघडी ठेवायला सुरुवात केली. तिथं हीटर बसवा म्हणून परिषदेकडे खेटे घातले. दर वेळी उत्तर एकच, पुढच्या वर्षी बघू. शेवटी घरातला हीटर उचलून आणला. सकाळची बस लावली की ती तिथं किटली ठेवून बसायची. पहिले काही दिवस एकटीनंच चहा प्यायली. मग शेजारच्या दोन म्हाताऱ्या विणकाम घेऊन येऊ लागल्या, आणि एके दिवशी ग्लेनची आई, मुलाला न सांगता.

एकदा धो धो पाऊस झाला, दरड कोसळली, शहराचा रस्ता बंद पडला. त्या दिवशी दार ढकलून कुइनी आत आली, नखशिखांत भिजलेली.

"बस नाही म्हणून आलेय," ती दारातूनच म्हणाली. "तुझ्यासाठी नाही."

"बरं. चहा घे."

एक घोट घेऊन कुइनीनं तोंड वाकडं केलं. "हा चहा? मशिनं बंद केलीस ती केलीस, आता माणसांना विष घालतेस?" आणि हिनेरंगीला बाजूला सारून तिनं किटली स्वतःच्या ताब्यात घेतली.

रस्ता उघडल्यावरही ती येत राहिली. रोज नाही. मधूनच एखादा दिवस गायब व्हायची आणि दुसऱ्या दिवशी आपणच सांगायची, "काल गेले होते. हरले." कुणी तिला उपदेश केला नाही. ग्लेनची आई फक्त म्हणायची, "बस, लोकरीचा गुंडा धर."

वसंत लागला तशी एके दुपारी कुइनी अचानक तामातीबद्दल बोलू लागली. दोन वर्षांत तिच्या तोंडून ते नाव कुणी ऐकलं नव्हतं. लग्नाच्या आदल्या दिवशी तो पाहुण्यांसाठी ईल मासे धरायला नदीत उतरला, पाय घसरला, आणि एकुलती एक चांगली पँट प्रवाहात वाहून गेली.

"म्हणजे लग्नात ती एवढी आखूड पँट..." हिनेरंगीनं तोंडावर हात धरला.

"तुझ्या बापाची! आणि मला म्हणतो कसा, हल्ली अशीच चालते."

हिनेरंगीला हे ठाऊकच नव्हतं. सख्खा भाऊ, आणि ही गोष्ट आज कळत होती. ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी वाहिलं तरी थांबेना, आणि कुइनी तिच्या पाठीवर थापट्या मारत पुढची गोष्ट सांगू लागली.

त्या दिवशी कोवाईच्या शाळेची दुपारची बस उशिरा सुटली.